सहयोगी पाहिजे

आमच्या विद्यापीठात माणसं ओळखायची ती त्यांच्या तक्रारींवरून. कुणाची बढती अडलेली, कुणाचा पीएचडीचा विद्यार्थी पळून गेलेला, कुणाच्या खोलीतला पंखा बंद. मानसशास्त्राच्या डॉ. रंगनाथ तांगडे यांची तक्रार मात्र जगावेगळी होती. त्यांना जोडीदार मिळत नव्हता. लग्नाचा नव्हे. लग्न झालेलं होतं, बायको लातूरला शाळेवर शिकवायच्या, आणि दोघांचं कुठं बिनसलं ते मी कधी विचारलं नाही. सरांना हवी होती सहयोगी संस्था. स्वमग्न मुलांवरच्या संशोधनाला जिथून जिथून अनुदान मिळतं, त्या सगळ्यांची अट एकच असायची: एकट्या विद्यापीठाचा प्रस्ताव चालणार नाही. निदान दोन संस्था पाहिजेत, विषय वेगवेगळे पाहिजेत, सोबत एखादं रुग्णालय असेल तर उत्तम. आणि तांगडे सर म्हणजे मी पाहिलेल्या माणसांतले सगळ्यांत एकटे गृहस्थ. ही थट्टा देवानं मुद्दाम केली असणार, असं मला फार वर्षं वाटायचं.

उंच, जरासे वाकलेले, ऐन मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गळ्यापर्यंत लावलेली गुंडी. चालायचे भिंतीच्या कडेनं. कँटीनला जायची त्यांची वेळ म्हणजे जेव्हा तिथं टेबल पुसणाऱ्याखेरीज कुणी नसतं ती. समोरून येताना नमस्कार केला तर ते नुसतेच पाहायचे, तेही आपल्या खांद्याकडं. आपण पुढं निघून गेल्यावर पाठीमागून आवाज यायचा, "नमस्कार." नवीन माणसाला वाटायचं, काय हा शिष्टपणा. शिष्टपणा नव्हता तो. त्यांना प्रत्येक गोष्टीला थोडा वेळ लागायचा, एवढंच.

मी संख्याशास्त्राची. आमचा विभाग त्यांच्या विभागाच्या मागच्या बाजूला, मधे दोन कडुनिंब आणि सायकलस्टँड. एक दिवस सर आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"मॅडम, तुमचा विषय मानसशास्त्र नाही ना?"

"नाही."

"आणि तुम्ही आमच्या विभागातल्या कुणाच्या नात्यातल्या नाही?"

"नाही बुवा."

"मग तुम्ही चालाल," असं म्हणून त्यांनी माझ्या टेबलावर कागद ठेवले आणि गेले. वाचल्यावर कळलं की मी त्यांच्या प्रस्तावात सहसंशोधक झाले आहे. विषय वेगवेगळे हवेत ही अट त्यांनी अशी पुरी केली होती. मला राग यायला हवा होता. पण इतक्या सरळपणे कुणी मला आजवर काही मागितलं नव्हतं. मी सही केली.

त्यानंतर "जाहिरात आली" हे दोन शब्द माझ्या आयुष्यात शिरले ते कायमचे. इतर लोक घरात नातू झाल्याचं जसं सांगतात तसं सर हे वाक्य सांगायचे. अनुदानाच्या जाहिराती तेव्हा वर्तमानपत्रात क्वचित यायच्या, बहुतेक संगणकावरच. विभागात इंटरनेटची जोडणी नव्हती तोवर सर औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात जाऊन त्या छापून आणायचे. जाहिरात हातात पडली की आधी शेवटची तारीख वाचायची, मग अटी, मग विषय. "विषय आपल्याला माहीतच आहे," असं त्यांचं म्हणणं. वाचून झालं की लाल शाईनं एकच ओळ अधोरेखित करायची: सहयोगी संस्था. त्यांच्या खोलीतला फलक अशा कागदांनी भरलेला असायचा. तारीख उलटून गेली तरी ते कागद काढत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "त्यांनी पुन्हा दिली जाहिरात तर? अटी त्याच असतात."

त्यांना हवं तरी काय होतं? मोठं काही नव्हतं. मूल दीड-दोन वर्षांचं असताना आईला काही साधे प्रश्न विचारले तर स्वमग्नतेची शंका वेळेत घेता येते. शहरात असे प्रश्न विचारणारे डॉक्टर होते. आमच्या जिल्ह्यातल्या गावांमधून कुणी नव्हतं. तिथल्या पोरांना मुकं म्हणायचे, येडं म्हणायचे, फार तर देवाचं म्हणायचे, आणि पोरगं तसंच मोठं व्हायचं. सरांना आपल्या निवृत्तीच्या आत गावोगावच्या आयांना विचारता येईल अशी प्रश्नावली उभी करायची होती. त्यासाठी माणसं लागणार, गाडी लागणार, तपासायला डॉक्टर लागणार. म्हणून अनुदान, आणि अनुदानासाठी सहयोगी.

लोक त्यांना एक प्रश्न हमखास विचारायचे. आवाज खाली आणून, मान जरा तिरकी करून. "सर, तुमच्या घरी कुणी आहे का... तसं?" एकदा विभागप्रमुखांनी विचारलं तेव्हा मी तिथंच होते. सर म्हणाले, "दातांच्या डॉक्टरला विचारता का, घरी कुणाचे दात पडलेत म्हणून?" घरी तसं कुणीच नव्हतं. गंगापूरकडं भावांची शेती होती, भाऊ धडधाकट होते, त्यांची पोरं मोटारसायकली उडवत फिरत होती. लोकांना दुःखाशिवाय कळकळ समजत नाही, त्याला सर काय करणार.

विद्यार्थ्यांची कुजबुज त्याहून पुढची होती. सर स्वतःच तसे आहेत, असं पोरं म्हणायची. हे त्यांच्या कानावर आहे का, असं मी एकदा धीर करून विचारलं.

"शक्य आहे," ते म्हणाले. "तपासून घेतलं पाहिजे. पण आपली प्रश्नावली अजून तयार नाही."

ते हसले की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

सहयोगी शोधायला ते स्वतः जायचे. पत्रांना उत्तरं येत नाहीत, माणूस समोर उभा राहिला तर उत्तर द्यावंच लागतं, हा त्यांचा हिशेब. रिकाम्या हातानं जाऊ नये हे आईनं शिकवलेलं, म्हणून औरंगपुऱ्यातून इमरती बांधून घ्यायची आणि एसटीत बसायचं. एकदा मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत ते असेच गेले. इमरतीचा डबा आणि प्रस्ताव एकाच पिशवीत. घाटात गाडी वळली असेल, डबा आडवा झाला, पाक सुटला. सर त्या संस्थेत पोचले तेव्हा प्रस्तावाची पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. दुसऱ्या कुणी माफी मागून परत फिरलं असतं. सरांनी तिथल्या शिपायाकडून ओलं फडकं मागून घेतलं, व्हरांड्यात बसून एकेक पान सोडवलं आणि वाळत घातलं. वारा आला तशी ती पानं कॉरिडॉरभर उडाली. ती वेचताना ज्या बाईंनी मदत केली, त्या डॉ. शिरोडकर. बालविकासातल्या नावाजलेल्या. सरांनी त्यांना तिथं जमिनीवर बसल्या बसल्याच सगळा प्रस्ताव सांगितला.

परत आल्यावर सर माझ्या दारात उभे राहिले. "मिळाला," म्हणाले.

"काय मिळालं?"

"सहयोगी. विचार करते म्हणाल्या. आजवर कुणी विचार करतो असंसुद्धा म्हणलं नव्हतं."

बाई विचार करत होत्या तोवर आम्ही छोटी चाचणी करून पाहायचं ठरवलं. परदेशात तयार झालेली, सगळीकडं वापरली जाणारी एक प्रश्नावली होती. तिचं मराठी भाषांतर शिरोडकर बाईंच्या संस्थेनंच केलेलं. ती घेऊन आम्ही पैठण रस्त्यानं बिडकीनच्या अलीकडच्या दोन गावांत आणि तिथल्या मेंढपाळांच्या वस्तीवर फिरलो. मूल नावानं हाक मारली तर बघतं का, नजरेला नजर देतं का, हवी ती वस्तू बोटानं दाखवतं का, असे प्रश्न, घरातल्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक पोराबद्दल. सर विचारायचे, मी लिहून घ्यायची. घरी येऊन मी गुण मांडले, मग पुन्हा एकदा मांडून पाहिले. जवळजवळ सगळी पोरं शंकेच्या घरात.

सरांना दाखवलं. मला वाटलं होतं ते उत्साहानं म्हणतील, बघा, किती गरज आहे. त्यांनी कागद पाहिला, गुंडीशी चाळा करत बसले, मग म्हणाले, "मॅडम, एवढी पोरं स्वमग्न असतील तर वस्तीवर इतका गोंधळ कोण घालत होतं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा वस्तीवर. हिराबाई म्हणून एक बाई होती. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला, खोपटावर दुधीचा वेल चढवलेला, पदराशी दोन पोरं. धाकटा पोरगा अंगणात कोंबड्यांमागं धावत होता. त्याच्याही नावापुढं माझ्या कागदावर शंका होती.

"हा बोट दाखवत नाही म्हणालात तुम्ही," सर म्हणाले.

"नाय दाखवत," हिराबाई म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. "कामून दाखवंल? वळण लावलंय त्याला."

"वळण?"

"आता बगा. कवळ्या दुधीला बोट दाखवलं की दुधी सडती. कोकराला दाखवलं तर ते जगत नाय. एकदा दाखवलं व्हतं त्यानं, त्याचंच बोट त्याला चावाया लावलं. तवापसून नाय."

"मग त्याला काही पाहिजे असलं तर?"

"असं करतो की." हिराबाईनं तर्जनी मुडपून घेतली आणि मुडपलेल्या बोटाच्या पेरानं वेलाकडं दाखवलं. "आन् नजर वर करून बघत नाय मोठ्या माणसाकडं. बगावं का बारक्यानं असं टकामका? तुमीच सांगा."

मी सरांकडं पाहिलं. ते आपल्या उजव्या हाताकडं बघत होते. तेव्हा मला उमगलं की फळ्यावरची ओळ दाखवताना हे गृहस्थही बोट मुडपूनच दाखवतात. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला माणूस. ज्या चालीत तो लहानाचा मोठा झाला तीच पुस्तकं वाचता वाचता विसरून गेला होता, आणि हात मात्र विसरला नव्हता. सर म्हणाले, "माझ्या आईनं पण चावायला लावलं होतं." आणि मग हळूच, "मी पीएचडी कशात केली, मॅडम?"

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. हिराबाईची थोरली पोरगी मंजुळा खोपटाच्या सावलीत बसली होती. चार वर्षांची असेल. भुईमुगाच्या शेंगा ओळीनं मांडत होती आणि ओळ संपली की मोडून पुन्हा मांडत होती. आम्ही आल्यापासून तिनं एकदाही वर पाहिलं नव्हतं. हिराबाई म्हणाली, "ही तर लई गुणाची. काय मागत नाय, रडत नाय, कुणाच्या अंगावर जात नाय. बोट तर नायच नाय, मुडपून पण नाय. सगळी वस्ती म्हणती, लेक असावी तर अशी."

माझ्या कागदावर या पोरीची आणि त्या कोंबड्यांमागं धावणाऱ्या पोराची शंका सारखीच भरली होती. आईच्या लेखी पोरगी अधिक वळणाची होती. जिला मदत हवी होती तीच नेमकी गर्दीत हरवत होती, आणि तिला हरवायचं काम आमचे प्रश्न करत होते. आकडे मांडणाऱ्या बाईला यापेक्षा मोठी चपराक नाही.

सर जाऊन मंजुळेपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसले, तिच्याकडं न बघता. मी हिराबाईशी बोलत राहिले, चहा झाला, उन्हं कलली. सर तसेच बसून. एरवी माणसात दहा मिनिटं बसले की त्यांची गुंडीशी झटापट सुरू व्हायची. तिथं त्यांचा हात एकदाही गळ्याकडं गेला नाही. निघताना ते म्हणाले, "हिला हाक मारू नका एकदम. आधी जवळ बसत जा." हिराबाई म्हणाली, "व्हय, तिला नाय आवडत." आणि मग तिनं विचारलं, "सर, तिला काय हाय?"

"ते मला नीट सांगता यावं म्हणूनच फिरायलोय," सर म्हणाले.

वर्गात सर पुस्तकी मराठी बोलायचे. मनाला लागलं की मात्र त्यांची गंगापूरची बोली वर यायची.

त्यानंतर ते एकटेच वस्तीवर जाऊ लागले. मुडपलेलं बोट, खाली वळलेली नजर, आवडलेली वस्तू आणून दाखवणं, हाकेला ओ न देणं आणि मोठ्यांना उलट न बोलणं यांतला फरक, असे सगळे प्रश्न त्यांनी आयांच्या तोंडच्या भाषेत पुन्हा बांधले. तेवढ्यात शिरोडकर बाईंचा होकार आला. नवीन जाहिरात होती, त्यांची संस्था आघाडीवर, आमचं विद्यापीठ सहयोगी. विद्यापीठात आनंदीआनंद झाला. सरांची नोकरी थोडीच उरली होती, त्यामुळं त्यांचं नाव सल्लागार म्हणून घालायचं ठरलं. मला वाटलं, झालं एकदाचं.

बाई आल्या तेव्हा कुलगुरूंच्या दालनात बैठक झाली. सामोसे, काजू, सगळा थाट. बाई वाईट नव्हत्या, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्यांनी शांतपणे सांगितलं की सगळ्या राज्यांतल्या केंद्रांवर एकच प्रश्नावली राहील, कारण निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहायचे आहेत. सर बोट दाखवण्याच्या प्रश्नाबद्दल म्हणाले, "हा प्रश्न चुकीचा आहे." बाईंनी पुन्हा समजावलं. सर पुन्हा म्हणाले, "हा प्रश्न चुकीचा आहे." आवाज तोच, शब्द तेच. बाई म्हणाल्या की स्थानिक चालीरीतींचा उल्लेख अहवालात तळटीप म्हणून करू.

मग सर उठून उभे राहिले. त्यांनी आपलं मुडपलेलं बोट टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांना दाखवलं आणि थेट कुलगुरूंकडं वळले.

"सर, तुम्ही खेड्यातले. कवळ्या भोपळ्याला बोट दाखवायचं का?"

कुलगुरू गडबडले. "अं... नाही. आई ओरडायची."

"मग काय करायचात?"

कुलगुरूंनी नकळत बोट मुडपलं.

सर बाईंना म्हणाले, "तुमच्या यादीप्रमाणं आमचे कुलगुरू लहानपणी संशयित होते."

मी खो खो हसले. एकटीच. बाकी दालनात सामोसा चावल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत नव्हता. सरांना आपण काय केलं ते कळलंच नाही. त्यांना वाटलं, मुद्दा सिद्ध झाला. आणि तो झालाही होता, अडचण तीच होती.

बैठक संपल्यावर शिरोडकर बाईंनी मला जिन्यात गाठलं. "प्रश्नांचं त्यांचं म्हणणं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी वर बोलून या केंद्रापुरते प्रश्न बदलून घेईन. पण एक स्पष्ट सांगते. तांगडे सर चमूत असले तर आम्हाला काम करता येणार नाही. माझी माणसं त्यांच्याबरोबर टिकणार नाहीत, आणि तुमचे कुलगुरू तर त्यांचं नाव काढायला तयार नाहीत. तुमच्या बाजूनं तुम्ही प्रमुख व्हा. नाहीतर मला दुसरं विद्यापीठ बघावं लागेल."

म्हणजे माणूस नको होता, त्याचा प्रश्न हवा होता. मी तशीच सरांच्या खोलीत गेले. निरोप कसा द्यावा याची मनात जुळवाजुळव करत होते, पण सरांपुढं जुळवाजुळव कधीच चालायची नाही.

"प्रश्न घेतात?" त्यांनी विचारलं.

"घेतात. तुमचे, जसेच्या तसे."

"मुडपलेलं बोट?"

"हो."

"आणि मी नको."

"सर, बैठकीत तुम्ही जरा..."

"मॅडम, नको ना?"

"नको," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी म्हणाले की मग मीही सही करत नाही, बघू दे त्यांना दुसरं विद्यापीठ. सर माझ्यावर कधी चिडले नव्हते. त्या दिवशी चिडले.

"दुसरं विद्यापीठ हिराबाईला काय विचारंल? पुन्हा तेच बोट विचारंल. एवढी वर्षं मी काय शोधत व्हतो? दोन संस्था, वेगळे विषय. झाल्या ना दोन? आता मोडता घालू नका." मग आवाज खाली आला. "मला वाईट वाटायलंय. पण तुम्ही थांबू नका इथं. थोड्या वेळानं बरं वाटंल."

मी दार ओढून घेतलं. सायकलस्टँडपर्यंत आले आणि तिथल्या कडुनिंबाखाली उभी राहून रडले. आपलं कुणी गेलं तर रडायला सोबत माणसं तरी असतात. इथं कुणाला काय सांगणार होते मी? प्रकल्प मिळाला म्हणून लोक माझं अभिनंदन करत होते.

मंजुरी यायच्या सुमारास सर निवृत्त झाले. निरोप समारंभ रीतीप्रमाणं झाला. शाल, नारळ, त्यांच्याबद्दल फारसं काही माहीत नसलेल्यांची लांबलचक भाषणं. शेवटी सरांना बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, सगळ्यांच्या खांद्यांकडं पाहिलं.

"माझ्याबद्दल मला काही सांगायचं नाही," ते म्हणाले. "एक जाहिरात आली आहे. विषय वार्धक्य आणि विस्मरण. तारीख महिनाअखेरची. दोन संस्था लागतात. कुणाला करायचं असेल तर मी प्रती आणल्या आहेत."

आणि ते खरोखरच दारापाशी प्रती घेऊन उभे राहिले. लोक नाश्त्याच्या टेबलाकडं गेले. मी एक प्रत घेतली. दुसऱ्या कुणी घेतलेली मला दिसली नाही.

त्यांची राहायची खोली उस्मानपुऱ्यात होती, माझ्या घरापासून फार लांब नाही. निवृत्तीनंतर मी दोन-तीनदा गेले. ते दारातच बोलायचे. काम कसं चाललंय विचारायचे, गाडी मिळाली का, डॉक्टर वेळेवर येतात का. मी सांगायची, ते मान हलवायचे आणि मग म्हणायचे, "बरं, या आता." क्रांती चौकात सिग्नलला ते कधी दिसायचे, फुटपाथच्या अगदी आतल्या कडेनं चाललेले. हाक मारावी तर त्यांना एकदम हाक मारलेली सोसायची नाही. आणि जवळ जाऊन बसावं, एवढा वेळ मला आता प्रकल्प देत नव्हता.

प्रकल्पाच्या दुसऱ्या वर्षी आमचा चमू मेंढपाळांच्या वस्तीवर पोचला. आता आमच्याकडं जीप होती, दारावर सगळ्या संस्थांची चिन्हं आणि नावं रंगवलेली. एक डॉक्टर, दोन संशोधन सहायक. हिराबाईच्या खोपटात मंजुळेची तपासणी सुरू झाली. पूजा म्हणून नवी सहायक प्रश्न विचारत होती. हुशार, गोड बोलणारी पोरगी.

"एखादी वस्तू आवडली तर ही ती आणून कुणाला दाखवते का?"

"दाखवती," हिराबाई म्हणाली.

मी चमकून पाहिलं. मंजुळा त्याच सावलीत पाठमोरी बसलेली होती.

"तुम्हाला दाखवते?"

"मला नाय."

"वडिलांना? भावाला?"

"कुणालाच नाय. मागं ह्या बाईंसंगं आलते ते सर येत्यात शहरातनं. बसत्यात तिच्यापशी, बोलत नायत काय. त्यांना देती आणून."

पूजानं पर्याय चाळले. आई, वडील, भावंडं, आजी-आजोबा. ती माझ्याकडं वळली. "मॅडम, हे सर कोण आहेत? यांना कशात घालू?"

मी तिला सांगू शकले असते. हा प्रश्न ज्या शब्दांत तू विचारलास ते शब्द त्यांचे आहेत, असंही सांगू शकले असते. पण प्रकल्पाच्या कागदांत त्या माणसाला जागाच नव्हती. मी म्हटलं, "इतर."

परतताना फाट्यावर एसटी थांबलेली दिसली. सर उतरत होते. उन्हात डोळे बारीक केलेले, गुंडी गळ्यापर्यंत. मी जीप थांबवायला सांगितली आणि उतरले. त्यांनी माझ्या खांद्याकडं पाहिलं, मग जीपच्या दारावरची नावं पाहिली. वरपासून खालपर्यंत, सावकाश, एकेक करत वाचली.

"बऱ्याच संस्था झाल्या," ते म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

"हिराबाईकडं जाऊन आलो," मी म्हटलं. "मंजुळा फक्त तुम्हाला वस्तू आणून दाखवते, म्हणाली."

"शेंगा आणती. अर्ध्या चावलेल्या," ते म्हणाले. "नोंद केली का?"

"केली."

"कोण म्हणून?"

मला खोटं बोलता आलं नाही. "इतर."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मी घरातला नाही. दुसरं काही लिहिलं असतं तर निष्कर्ष चुकला असता."

"सर, सोडू का तुम्हाला वस्तीपर्यंत?"

"तुमची गाडी उलटी चाललीय."

ते वस्तीच्या रस्त्याला लागले, कडेकडेनं, जणू तिथंही एखादी भिंत होती. मी जीपमध्ये बसले. पूजानं विचारलं, "कोण होते हो, मॅडम?" मी तिला सांगायला लागले, अगदी पहिल्यापासून, त्यांच्या नावापासून, आणि शहर येईस्तोवर सांगत राहिले.